मोझेलकांठची विश्रांति

विश्रांतीसाठीं प्रवासास निघालेला मनुष्य इतिहास शोधावयास जात नाहीं. डोळ्यांना सुख देणारा देखावा, बेताचें ऊन आणि घाई नसलेलें गांव एवढेंच त्याला पाहिजे असतें. जर्मनींतील मोझेल नदीच्या कांठचीं गांवें या अपेक्षेस पुरेपूर उतरतात. फ्रान्समधील व्होज पर्वतांत उगम पावून ही नदी ट्रीअर शहरावरून वाहते आणि कोब्लेंट्स येथें ऱ्हाइनला मिळते. कोब्लेंट्स हें नांवच मुळीं ‘संगम’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाचा अपभ्रंश आहे. या दोन शहरांमध्यें नदी इतकीं वळणें घेते कीं, सरळ अंतराच्या जवळजवळ दुप्पट वाट तिला चालावी लागते. दोहों बाजूंस उभे डोंगर, त्यांवर थेट माथ्यापर्यंत द्राक्षवेलींच्या रांगा, आणि पायथ्याशीं बेर्नकास्टेल, ट्राबेन-ट्रारबाख, बाइलश्टाइन, कोखेम अशीं लहान लहान गांवें. आम्हीं उभयतांनीं येथें कांहीं दिवस काढले. सकाळीं नदीकांठानें फिरावें, दुपारीं बोटींतून पुढच्या गांवीं जावें, संध्याकाळीं बांकावर बसून पाणी पाहावें, याखेरीज दुसरा उद्योग नव्हता. येथें शतकानुशतकें असेंच निवांत चालत आलें असावें, असें कोणासही वाटेल. इतिहासाची साक्ष मात्र अगदीं उलट आहे.

मद्याचें नांव काढतांच आमच्या कांहीं वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, हें आम्ही जाणतों. परंतु या खोऱ्यांत द्राक्षासव ही चैनीची वस्तु नसून पोट भरण्याचें साधन आहे. येथील डोंगर पाटीच्या दगडाचे आहेत. तो दगड दिवसां ऊन सांठवितो आणि रात्रीं ती ऊब हळूहळू परत देतो. म्हणूनच इतक्या उत्तरेस रीझलिंग जातीचें द्राक्ष पिकूं शकतें. ही विद्या या खोऱ्यांत रोमन लोकांच्या वेळीं रुजली. पीसपोर्ट गांवीं १९८५ सालीं रोमन काळांतील द्राक्षें पिळण्याचा मोठा घाणा उजेडांत आला. त्यापूर्वीं १८७८ त नॉयमागेन येथें एका रोमन थडग्यावरील दगडी नौका सांपडली होती. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकांतील त्या नौकेंत वल्हेकऱ्यांच्या मध्यें आसवाचीं पिंपें रचलेलीं आहेत. ज्या व्यापारावर आयुष्य गेलें, त्याचेंच चित्र त्या व्यापाऱ्याच्या थडग्यावर कोरलें गेलें. सुमारें ३७१ सालीं औसोनियस या लॅटिन कवीनें या नदीवर एक संबंध काव्य रचलें. मोझेलच्या सौंदर्याची स्तुति ही अशी सोळाशें वर्षांहून जुनी आहे.

परंतु सौंदर्यामुळें कोणताही प्रदेश लढाईंतून सुटत नाहीं. जर्मन व फ्रेंच मुलखांच्या सीमेवरील हें खोरें, सैन्यांच्या येण्याजाण्याची वाट होऊन बसलें. १६८७ सालीं चौदाव्या लुईनें ट्राबेनच्या वरील डोंगरावर मोंट रॉयाल नांवाचा प्रचंड किल्ला बांधावयास घेतला. व्होबां हा त्या काळचा अग्रगण्य दुर्गशिल्पी. त्यानें त्याची आंखणी केली. पुढें तहानें तो सोडून द्यावा लागला आणि १६९८ त पाडून टाकण्यांत आला. दहा-अकरा वर्षांत एक किल्ला उभा राहिला आणि नाहींसाही झाला. आज तेथें अवशेष तेवढे दिसतात. कोखेमचा किल्ला फ्रेंचांनीं १६८९ त उध्वस्त केला. प्रवासी आज ज्याचीं छायाचित्रें घेतात तो कोखेमचा ‘मध्ययुगीन’ किल्ला, बर्लिनच्या एका धनिक व्यापाऱ्यानें १८६८ सालीं ते पडके अवशेष विकत घेऊन उन्हाळ्यांतील निवासासाठीं पुन्हां बांधविला आहे. जें पुराणें म्हणून आपण पाहतों, तें पुष्कळदां पुराण्याची हौस असलेल्या पिढीनें केलेलें असतें.

सैन्यें गेलीं तरी दैन्य गेलें नाहीं. १८१५ त हा मुलूख प्रशियाकडे आला. प्रशियाच्या जकातीमुळें बाहेरच्या आसवाची स्पर्धा टळली, भाव चढले, आणि मळेकऱ्यांनीं नवीन लागवडी केल्या. पण १८३४ सालीं जर्मन राज्यांचा जकातसंघ झाला, दक्षिणेकडील आसव बाजारांत आलें आणि भाव कोसळले. शेतसारा मात्र चुकला नाहीं. ट्रीअरचाच सुपुत्र कार्ल मार्क्स त्या वेळीं कोलोन येथील एका वर्तमानपत्राचा संपादक होता. वय अवघें चोवीस. मोझेलच्या मळेकऱ्यांच्या हलाखीवर त्यानें १८४३ च्या जानेवारींत लेख लिहिले. सरकारी अधिकारी दुःखाचीं कारणें सर्वत्र शोधतात, फक्त स्वतःच्या कारभारांत शोधीत नाहींत, असा त्यांचा रोख होता. मार्चअखेर तें पत्र सरकारनें बंद पाडलें. आपलें लक्ष अर्थशास्त्राकडे वळण्यास जीं निमित्तें झालीं, त्यांत हा प्रश्नही होता, असें मार्क्सनें पुढें १८५९ त नमूद केलें आहे. ज्या विचारानें जगाची उलथापालथ झाली, त्याचा एक लहानसा झरा या रमणीय मळ्यांतून फुटलेला आहे.

१९०० च्या सुमारास ट्राबेन-ट्रारबाख हें आसवाच्या व्यापाराचें मोठें केंद्र झालें; त्या श्रीमंतीच्या खुणा तेथील घरांवर अद्याप दिसतात. पण पहिल्या महायुद्धानंतर पुन्हां मंदी आली. २५ फेब्रुवारी १९२६ रोजीं, ज्या बेर्नकास्टेलांत आज प्रवासी निवांत बसतात, तेथें चिडलेल्या मळेकऱ्यांचा मोठा जमाव करवसुलीच्या कचेरीवर चालून गेला व त्यानें दप्तरें जाळलीं. त्याच वर्षीं सरकारनें आसवावरील कर उठविला. याहून काळा काळ पुढेंच होता. पिढ्यान्पिढ्या या गांवांतून राहिलेलीं यहुदी कुटुंबें १९३३ नंतरच्या नाझी राजवटींत देशोधडीस लागलीं किंवा मारलीं गेलीं. बाइलश्टाइनच्या किल्ल्यामागें टेकडीवर त्यांचें जुनें दफनस्थान आहे. खालच्या सुंदर गल्ल्यांतून हिंडणाऱ्यानें तेवढी चढण अवश्य चढावी.

मग आजची शांतता कोठून आली? नदीचें संथ पाणीदेखील निसर्गाची देणगी नव्हे. १९५६ च्या करारान्वयें जर्मनी, फ्रान्स व लक्झेंबुर्ग यांनीं मिळून नदी बांधून काढली आणि १९६४ त हा जलमार्ग सुरू झाला. ट्रीअरपासून कोब्लेंट्सपर्यंत दहा ठिकाणीं बंधारे व जलद्वारें आहेत, म्हणून पाणी तळ्यासारखें स्थिर दिसतें. जे देश या कांठीं लढत होते, त्यांनीं एकत्र येऊन तें स्थिर केलें. आपल्यांतील प्रवाशाच्या पारपत्रावर युरोपच्या परवान्याबरोबर ‘शेंगेन’ हें नांव उमटतें. तें याच नदीकांठच्या लक्झेंबुर्गमधील एका खेड्याचें नांव. तेथेंही द्राक्षमळेच आहेत. सरहद्दीवरील तपासणी काढून टाकण्याच्या करारावर १४ जून १९८५ रोजीं सह्या झाल्या त्या त्या गांवाजवळ, मोझेलवरच उभ्या असलेल्या एका बोटीवर.

या सर्व उलाढालींतून अखंड चालत आलेली एक गोष्ट बेर्नकास्टेलच्या समोर, कूस येथें पाहावयास मिळते. निकोलस हा तेथील नावाड्याचा मुलगा, जन्म १४०१. पुढें तो रोमन चर्चचा कार्डिनल झाला. पृथ्वी विश्वाच्या मध्यभागीं नाहीं, असें त्यानें कोपर्निकसच्या शंभर वर्षें आधीं लिहिलें. १४५३ त तुर्कांनीं कॉन्स्टँटिनोपल घेतल्यावर सारा युरोप सूडाची भाषा बोलत असतां, त्यानें सर्व धर्मांच्या समेटावर एक संवाद लिहिला. त्यांत बोलणाऱ्यांमध्यें एक हिंदी मनुष्यही आहे. १४५८ सालीं त्यानें आपल्या गांवीं एक आश्रम स्थापिला. ख्रिस्ताच्या आयुष्याच्या तेहतीस वर्षांची आठवण म्हणून तेथें पन्नाशी उलटलेल्या तेहतीस पुरुषांची सोय केली: सहा धर्मोपदेशक, सहा सरदार, एकवीस सामान्य जन. खर्चासाठीं मळे लावून दिले. हें ऐकून आम्ही आपल्या वयाचा हिशेब करीत होतों, तोंच सौभाग्यवतींनीं विचारलें, “आणि म्हाताऱ्या बायकांनीं कोठें जावें?” प्रश्न रास्त होता. आतां तेथें स्त्रियांनाही प्रवेश आहे.

निकोलस १४६४ त इटलींत वारला. त्याचा देह रोममध्यें पुरण्यांत आला. हृदय त्याच्या इच्छेप्रमाणें कूसच्या प्रार्थनामंदिरांत पुरलेलें आहे. शेजारीं त्याचीं तीनशेंहून अधिक हस्तलिखितें जपलेलीं आहेत. राज्यें बदललीं, चर्चच्या जमिनी लिलावांत गेल्या, दोन महायुद्धें झालीं; आश्रम मात्र आजही वृद्धांना आसरा देतो आणि त्याच्या मळ्यांचें आसव आजही विकलें जातें. त्या उभ्या चढणीवर बरेंचसें काम हातानेंच करावें लागतें. परवडत नाहीं म्हणून खोऱ्यांतील कित्येक मळे पडीक झाले आहेत. प्रवाशाला चार दिवस जी शांति मिळते ती या श्रमावर आणि कोणीतरी आधीं करून ठेवलेल्या तरतुदीवर उभी असते. कूसच्या कार्डिनलनें ती तरतूद, ज्यांना तिची खरी गरज त्यांच्यासाठीं केली, म्हणूनच ती साडेपांचशें वर्षें टिकली.