मीटरमधले नाणे आणि रस्त्यावरचा बाक

रस्ता कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर 'सर्वांचा' असे आपण सहज देतो. त्या उत्तरात गाडीने आपली जागा कधी मापून घेतली, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. त्यातली एक तारीख नोंदलेली आहे. १६ जुलै १९३५ रोजी अमेरिकेतील ओक्लाहोमा सिटीत पहिला पार्किंग मीटर सुरू झाला. दुकानांसमोर दिवसभर गाड्या उभ्या राहत आणि गिऱ्हाइकाला जागा मिळत नसे, त्यावरचा हा उपाय होता. पण त्यामुळे रस्त्याची कड गाडीच्या मापाने तुकड्यांत विभागली गेली आणि तासाच्या हिशेबाने भाड्याने मिळू लागली.

या व्यवहाराचा वेगळा अर्थ लावला तो सॅन फ्रान्सिस्कोतील 'रीबार' या कलावंत-रचनाकारांच्या गटाने. नाणे टाकणारा जर जागा भाड्याने घेत असेल, तर तिथे गाडीच का उभी करायची? १६ नोव्हेंबर २००५ रोजी त्यांनी मिशन स्ट्रीटवरील एका मीटरमध्ये पैसे भरले, हिरवळ अंथरली, एक बाक आणि कुंडीतले झाड ठेवले. दोन तासांची मुदत संपताच हिरवळ गुंडाळली, जागा झाडली आणि ते निघून गेले. इंग्रजीत 'पार्क' म्हणजे बाग आणि 'पार्क' म्हणजे गाडी उभी करणे. त्या श्लेषाला त्यांनी दोन तासांपुरता देह दिला.

याच शहरात १९७० मध्ये बॉनी ओरा शर्क या कलावतीने महामार्गाच्या उतारावर गवत, ताडाची झाडे आणि जिवंत गाय आणून तात्पुरती उद्याने उभारली होती. रीबारचे वेगळेपण असे की त्यांनी रस्त्याचा नियम धुडकावला नाही, तो शब्दशः पाळला. म्हणूनच या कृतीचे अनुकरण सोपे ठरले आणि पुढे दरवर्षी अनेक देशांत असा दिवस साजरा होऊ लागला.

२०१० मध्ये नगर प्रशासनाने ही कल्पना स्वीकारली. पदपथाच्या उंचीचा लाकडी चौथरा, त्यावर बाक आणि झाडे, अशी 'पार्कलेट' उभी राहिली. खर्च आणि देखभाल बहुधा शेजारच्या दुकानदाराची. पण बसण्याचा अधिकार सर्वांचा, तेथे काही विकत घेण्याची सक्ती नाही, अशी अट होती. २०२० च्या महासाथीत उपाहारगृहांना तगवण्यासाठी हीच जागा त्यांच्या टेबलांना देण्यात आली. २०२१ मध्ये ती योजना कायम झाली. सार्वजनिक पार्कलेट हा प्रकार राहिला, पण शेजारी व्यवसायासाठीचे प्रकारही मान्य झाले.

हा निर्णय संकटकाळात अनेकांची रोजीरोटी वाचवणारा होता, हे मान्य करायला हवे. तरीही २०१० ची ती अट विसरता कामा नये. गाडी हटली म्हणजे जागा आपोआप सार्वजनिक होत नाही. भाडेकरू तेवढा बदलतो. खिशात पैसे नसलेला म्हातारा माणूस तिथे घटकाभर टेकू शकतो की नाही, यावरच ती जागा कोणाची हे ठरते.