कसोटीच्या दगडाची परीक्षा

सोनार सोन्याचा कस कसोटीच्या दगडावर पाहतो. पण दगडच सदोष असला तर शुद्ध सोन्यालाहि हिणकसपणाचा डाग लागतो. विजेच्या क्षणिक लहरींचें चित्र पडद्यावर काढणाऱ्या ऑसिलोस्कोपाची परीक्षा घेतांना हीच अडचण उभी राहते. यंत्र किती चपळ आहे हें पाहावयाचें, तर शून्यापासून एकदम वर चढणारा विजेचा स्पंद त्यास द्यावा लागतो. स्पंद चढावयास ०.४ नॅनोसेकंद घेत असेल आणि यंत्र स्वतः ०.३ घेत असेल, तर पडद्यावर ०.५ दिसतात, कारण या हिशेबांत बेरीज होते ती वर्गांची. आणि दोष मात्र सारा यंत्राच्या माथीं बसतो. नॅनोसेकंद हा सेकंदाचा अब्जावा भाग. तेवढ्या अवधींत प्रकाशदेखील फूटभरच जातो.

साधें बटण येथें निरुपयोगी. धातूवर धातु आपटला म्हणजे तो उसळतो आणि एका स्पंदाचे अनेक तुकडे होतात. यावर उतारा सांपडला तो पाऱ्याचा. रिलेचीं टोंकें पाऱ्यानें ओलीं ठेवलीं कीं द्रवाला द्रव मिळतो, उसळी राहत नाहीं. अमेरिकेंतील ओरेगॉन संस्थानाच्या टेक्ट्रॉनिक्स कंपनीनें ‘१०९’ क्रमांकाच्या जनित्रांत विजेनें भारलेली केबल अशा रिलेवाटें रिती करून ०.२५ नॅनोसेकंदाचा चढाव साधला. केबल जितकी लांब, तितका स्पंद दीर्घ. योजना मोठी सुबक. पण रिले सेकंदास कांहीं शेंकडे वेळांच मिटणार, आणि तोहि आपल्या लहरीप्रमाणें!

१९५७ सालीं जपानांत लिओ एसाकी यांनीं टनेल डायोड शोधला. १९७३ च्या नोबेल पारितोषिकांत त्यांस वांटा मिळाला. या डायोडानें टेक्ट्रॉनिक्सच्या ‘२८४’ मध्यें चढाव ०.०७ नॅनोसेकंदावर आणला. स्पंदाची उंची मात्र व्होल्टाच्या चतुर्थांशाच्या आसपासच.

उंच आणि चपळ असा स्पंद थोडक्या खर्चांत कसा मिळवावा, हें जिम विल्यम्स यांनीं १९९१ सालीं लीनियर टेक्नॉलॉजी कंपनीच्या एका टिपणांत दाखविलें. या गृहस्थांपाशीं अभियांत्रिकीची पदवी नव्हती, हें येथें सांगावयास हरकत नाहीं. १५ व्होल्टांची मर्यादा असलेला ट्रॅन्झिस्टर त्यांनीं ९० व्होल्टांच्या पुरवठ्यास मोठ्या रोधांतून जोडला. दाब असह्य होतांच आंतील विद्युत्कण हिमकड्यासारखे कोसळतात व १० व्होल्टांचा स्पंद बाहेर पडतो. असें कोसळण्याची हमी कारखानदार देत नाहींत, म्हणून १२ वर्षांच्या अवधींत बनलेले ५० नग त्यांनीं तपासले. ८२ टक्के कसास उतरले. चढाव ०.३५ नॅनोसेकंद भरला. परंतु ज्या ऑसिलोस्कोपावर तो मोजला, त्याचा स्वतःचा चढण्याचा कालहि नेमका तेवढाच होता. स्पंद याहूनहि चपळ असूं शकेल, असें विल्यम्स यांनींच तेथें नमूद करून ठेवलें आहे.