‘कलिंग’ म्हणजे काय? अर्थ, वापर आणि व्युत्पत्ती

पक्ष्यांमधील इन्फ्लुएंझा अर्थात बर्ड फ्लूचा प्रादुर्भाव झाला की प्रशासनाच्या आदेशांत आणि वृत्तांत ‘कलिंग’ हा इंग्रजी शब्द हमखास आढळतो. ‘कल’ या क्रियापदापासून तो बनला आहे. समूहातील नको असलेले, निरुपयोगी किंवा घातक घटक निवडून काढून टाकणे, हा त्याचा मूळ व्यावहारिक अर्थ. प्राण्यांच्या संदर्भात मात्र ‘ठरवून ठार मारणे’ असाच तो आता बहुतेकदा घेतला जातो. प्राचीन कलिंग देशाशी या शब्दाचा काहीही संबंध नाही. ठार मारणे या अर्थाचा ‘किलिंग’ हा इंग्रजी शब्दही वेगळा आहे. उच्चारसाधर्म्यामुळे दोहोंची गल्लत होते.

व्युत्पत्ती

शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत आहे. ‘कॉलिगेरे’ म्हणजे एकत्र गोळा करणे. त्यातील ‘लेगेरे’ या धातूचा अर्थ वेचणे, निवडणे असा आहे. जुन्या फ्रेंचमधून हा शब्द मध्ययुगीन इंग्रजीत आला, तेव्हा तो फुले खुडणे किंवा उत्तम ते वेचून घेणे या अर्थाने वापरला जाई. संग्रह करणे या अर्थाचा ‘कलेक्ट’ हा शब्दही त्याच कुळातला. कळपातील हलक्या प्रतीचे जनावर बाजूला काढणे हा अर्थ पुढे रूढ झाला. आरंभी चांगले उचलण्यासाठी असलेला शब्द अशा रीतीने वाईट वगळण्यासाठी वापरात आला.

मराठी भाषकांना हा प्रवास अपरिचित वाटू नये. फुले वेचतात, तसेच तांदळातील खडेही वेचतात. आणि शत्रूला ‘वेचून ठार मारले’ असेही म्हणतात. ‘भाजी निवडणे’ यात चांगली पाने ठेवणे आणि किडकी टाकणे, या दोन्ही क्रिया एकाच शब्दात सामावलेल्या आहेत.

निरनिराळ्या क्षेत्रांतील वापर

कुक्कुटपालनात अंडी देणे थांबलेल्या कोंबड्या कळपातून वेगळ्या काढण्याला कलिंग म्हणतात. तुरा फिका व आक्रसलेला असणे, ही अशा कोंबडीची एक ओळख. तिच्यावर होणारा खाद्याचा खर्च वाचवणे हा यामागील हेतू असतो. दुग्धव्यवसायात कमी दूध देणाऱ्या किंवा गाभण न राहणाऱ्या जनावरांबाबत हाच शब्द वापरतात. तेथे कलिंग म्हणजे कळपातून कमी करणे, ठार मारणे नव्हेच असेही असू शकते. शेतीत याच्या जवळच्या क्रियांना मराठीत स्वतंत्र शब्द आहेत : दाट रोपे कमी करणे ती ‘विरळणी’, तर बीजोत्पादनाच्या प्लॉटमधील इतर वाणांची झाडे उपटणे म्हणजे ‘भेसळ काढणे’.

वन्यजीव व्यवस्थापनात प्राण्यांची संख्या मर्यादित ठेवण्यासाठी त्यांना मारणे, असा अर्थ आहे. दक्षिण आफ्रिकेतील क्रुगर राष्ट्रीय उद्यानात १९६७ ते १९९४ या काळात हत्तींचे असे कलिंग केले गेले. भारतात केंद्र सरकारने वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये बिहारमधील नीलगाय व रानडुक्कर आणि हिमाचल प्रदेशातील माकडे यांना ठरावीक भागांत व ठरावीक मुदतीसाठी उपद्रवी घोषित केले, तेव्हा २०१६ मध्ये या शब्दावर देशभर चर्चा झाली.

छायाचित्रकार शेकडो छायाचित्रांतून कामाची तेवढी ठेवतात, त्यालाही कलिंगच म्हणतात. ‘ग्रंथांतून वेचलेली माहिती’ या अर्थी शब्दाचा जुना उपयोगही इंग्रजीत टिकून आहे.

नवापूर आणि अर्थातील बदल

महाराष्ट्राला या शब्दाचा कठोर परिचय झाला तो नवापुरात. नंदुरबार जिल्ह्यातील या कुक्कुटपालन केंद्रात एच५एन१ विषाणूचा प्रादुर्भाव झाल्याचे १८ फेब्रुवारी २००६ रोजी जाहीर झाले. देशातील ही पहिलीच नोंद होती. भोपाळ येथील अतिसुरक्षित पशुरोग प्रयोगशाळेने नमुन्यांतील विषाणूवर शिक्कामोर्तब केल्यानंतर परिसरातील लक्षावधी कोंबड्या मारून पुरण्यात आल्या. २०२१ च्या आरंभी नवापूरवर पुन्हा तीच वेळ आली.

चंडीगडमध्ये डिसेंबर २०१४ मध्ये सुखना तलावावरील पाळीव हंस या रोगाने मरू लागल्यावर उरलेले हंसही मारण्यात आले. लगतच्या पंचकुला जिल्ह्यातील बरवाला परिसरात जानेवारी २०२१ मध्ये मोठ्या प्रमाणावर कोंबड्या नष्ट करण्यात आल्या.

या सर्व घटनांत निवड कोठेच नव्हती. केंद्राच्या २०२१ च्या कृती आराखड्यानुसार रोगग्रस्त ठिकाणापासून एक किलोमीटरच्या परिघातील सर्व कुक्कुट पक्षी नष्ट केले जातात, मग ते आजारी असोत वा ठणठणीत. कोंबडी निरोगी दिसत असतानाही तिच्या शरीरात विषाणू असू शकतो आणि तो वेगाने पसरतो, हे त्याचे कारण. पक्षी चुना टाकून खोल खड्ड्यात पुरतात. अंडी व खाद्यही नष्ट करून शेड निर्जंतुक करतात. निवडीचा अर्थ सांगणारा शब्द येथे सरसकट संहारासाठी वापरला जातो.

भरपाईचा प्रश्न

शब्दाच्या अचूकतेशी शेतकऱ्याचा पैसा जोडलेला आहे. सरकारी भरपाई मिळते ती प्रशासनाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची. पथक येण्यापूर्वी रोगाने दगावलेल्यांची नव्हे. २०२१ मध्ये महाराष्ट्रात आठ आठवड्यांवरील अंड्यांच्या कोंबडीसाठी ९० रुपये आणि सहा आठवड्यांवरील मांसल कोंबडीसाठी ७० रुपये असा दर होता. त्यामुळे ‘मेलेल्या’ आणि ‘मारलेल्या’ पक्ष्यांची नोंद स्वतंत्र ठेवणे आवश्यक ठरते, आणि मरतूक दिसताच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवणे पशुपालकाच्या हिताचे असते. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोग प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २००९ नुसार अशी माहिती देणे बंधनकारकही आहे.

निरोगी प्राणी मारण्यासाठी कायद्याचा आधार किती महत्त्वाचा असतो, हे डेन्मार्कमध्ये दिसले. करोना विषाणूमुळे नोव्हेंबर २०२० मध्ये तेथील सर्व मिंक मारण्याचा आदेश निघाला. निरोगी कळपांबाबत तशी कायदेशीर तरतूदच नव्हती, हे नंतर उघड झाले आणि कृषिमंत्र्यांना पद सोडावे लागले.

मराठी पर्याय

एकच प्रतिशब्द सर्वत्र चालणार नाही. अनुत्पादक जनावरे कमी करण्यासाठी ‘निवडून वगळणे’ किंवा ‘छाटणी’, वन्यप्राण्यांबाबत ‘संख्या नियंत्रणासाठी मारणे’, तर रोगनियंत्रणात ‘सरसकट नष्ट करणे’ हे पर्याय अर्थवाही ठरतात. शासकीय पत्रकांतील ‘शास्त्रोक्त पद्धतीने नष्ट करणे’ या प्रयोगातून पद्धत कळते, व्याप्ती कळत नाही. किती पक्षी रोगाने मेले, किती मारले आणि त्यांतील किती निरोगी दिसत होते, हे वृत्तात वेगवेगळे सांगितले तरच ‘कलिंग’चा त्या ठिकाणचा नेमका अर्थ वाचकाला समजतो.