कागदाची पाठ

दोन वर्षांपूर्वी बेळगाव जिल्ह्यातल्या एका घरचे मोडी कागद आम्ही मंडळातर्फे स्कॅन करायला घेतले. संगणकावरच्या नोंदपत्रकात रकाने पुष्कळ होते. रुमाल क्रमांक, कागदाची अवस्था, तारीख, कोणी कोणास, विषय, शिक्का, पाठ, शेरा. एवढे रकाने बघून पोरं गोंधळतात, म्हणून मीच सुचवलं की टप्प्याटप्प्यानं दाखवू या. स्कॅन करणाऱ्याला फक्त क्रमांक आणि अवस्था दिसू दे. तारीख, नावं, विषय हे वाचणाऱ्याला. शिक्का आणि पाठ शेवटी तपासणाऱ्याला, म्हणजे मला. काम झपाट्यानं झालं. पहिला रुमाल माझ्याकडे आला तेव्हा कळलं, की एकाही कागदाची पाठ स्कॅन झालेली नाही. ज्याला तो रकाना दिसतच नव्हता त्यानं कागद उलटून का बघावा? तोवर कागद घरच्यांना परत गेले होते.

पेशवाईतल्या कारकुनाकडून ही चूक झाली नसती. तिथंही प्रत्येकाला आपापलाच रकाना होता, पण सगळे रकाने एकाच कागदावर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. माथ्यावर शिक्का. मजकूर संपला की तिथं मोर्तब, म्हणजे पुढं कोणी ओळ घुसडू नये. शिवाजी महाराजांच्या पत्रांवर 'मर्यादेयं विराजते' ही मुद्रा त्याच कामाची, आणि पेशव्यांच्या कागदांवर 'लेखनसीमा'. मग कागद उलटला की पाठीवर 'रुजू', 'बार', 'सुरू सूद' अशा छोट्या छोट्या खुणा. कागद कुठल्या हातांखालून गेला, कुठं तपासला, कुठं नोंदला, ते या खुणा सांगतात. मजकुरात इनामाचं गाव आणि बिघे असतात, पण तो कागद खरा की खोटा हे पाठ ठरवते.

महालाच्या कचेरीत हे हात कोणाचे, ते एल्फिन्स्टनच्या वेळच्या टिपणांवरून नीट कळतं. मामलेदाराखाली दरकदार असत. दिवाण पत्रांवर आणि हुकमांवर मामलेदाराबरोबर आपली निशाणी करी. मुजुमदार हिशेब आधी पाही, मगच तो फडणिसाकडे जाई. तारीख घालायची ती फडणिसानं. दफ्तरदार फडणिसाच्या रोजच्या नोंदींवरून हिशेब बांधून महिन्याच्या महिन्याला हुजुरात धाडी. पोतनिसाकडे जमेची आणि शिलकेची नोंद, चिटणिसाकडे पत्रव्यवहार. गंमत म्हणजे मामलेदार या दरकदारांना काढू शकत नसे, आणि ज्याचं जे काम नेमलेलं त्याबाहेरचं काम त्याला सांगूही शकत नसे. तारखेचा रकाना फडणिसाचा, तो मामलेदारानं भरायचा नाही. आज आपण संगणकावर 'परवानगी' म्हणतो ती इथं वतनात बांधलेली होती.

पुण्याला हुजूर दफ्तरातही तीच रीत, फक्त पसारा मोठा. फड, बेहडा, सरंजाम अशी चालत्या दफ्तराची अंगं. सनदा आणि हुकूम फडातून सुटत आणि रोजकीर्दही तिथंच. शिवाय एकबेरीज दफ्तर, तिथं सगळ्या खात्यांचे हिशेब एकत्र लावून कायमचे ठेवायचे. नाना फडणिसांच्या काळात दोनशेच्या वर कारकून होते. इनाम द्यायचं झालं तर एक कागद निघत नसे, जोडच निघे. एक पत्र इनामदाराला, एक गावच्या मोकदमाला, एक देशमुख-देशपांड्यांना, एक कमाविसदाराला. मोकदमाच्या पत्रात तर नकल उतरून घ्या आणि अस्सल कागद भोगवट्यासाठी धन्याकडे परत द्या, असं लिहिलेलंच असे.

म्हणजे अस्सल कागद घरी आणि त्याची नोंद सरकारात. कागद ज्याच्या घरी, त्याला पाठीवरची 'बार' दिसे. पण ज्या वहीत तो कागद नोंदला गेला ती वही त्याला कधीच दिसत नसे. पेशवाई होती तोवर यानं काही बिघडलं नाही. बिघडलं ते १८१८ नंतर.

इनामांची चौकशी कंपनी सरकारनं १८४३ मध्ये सुरू केली ती आमच्याच भागात, दक्षिण मराठा मुलखात. मग १८५२ चा अकरावा कायदा आला आणि इनाम कमिशनला कायद्याचं बळ मिळालं. सनद अस्सल ठरली आणि ती देणाऱ्याला तो अधिकार होता असं दिसलं, तर इनाम चालू. नाहीतर इंग्रजी अंमल येण्याआधी किती वर्षांचा अखंड भोगवटा, साठ की चाळीस, आणि वंश कसा, यावर पुढच्या पिढ्यांचा हिशेब. हे पडताळायचं कशावर? पुण्याच्या दफ्तरावर. ते दफ्तर सरकारच्या कुलपात. इनामदार आपला कागद घेऊन समोर उभा. त्याच्याकडे एक पान, कमिशनकडे त्याचंही पान आणि वहीही. निकाल मान्य नसेल तर सरकारकडेच दाद मागायची, दिवाणी कोर्ट बंद.

त्यात आणखी एक मेख होती. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत हुजूर दफ्तराची आबाळ झाली. लोकांनी कागदांचे गठ्ठे घरी नेले तरी कोणी विचारणारं नव्हतं. त्या वर्षांची सनद खरी असली तरी तिचा जोड पुण्यात सापडेलच असं नाही. घरच्या कागदाच्या पाठीवर मात्र खूण असते. अशा वेळी ती पाठ हाच एक साक्षीदार. माझ्या मते इनाम कमिशनवर एवढा राग का होता, त्याचं अर्धं उत्तर इथं आहे. नुसती जमीन गेली म्हणून नव्हे. नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांच्या लोकांनी १८५८ मध्ये ज्या मॅन्सनला मारलं, तो आधी याच इनाम खात्यात होता. नरगुंदच्या बंडाला दत्तकाची नामंजुरी आणि हत्यारं काढून घेणं ही कारणं होतीच, पण मुलखात मॅन्सनची ओळख काय होती हेही विसरता येत नाही.

सरकारनं १८६३ मध्ये काही ठराविक आकार घेऊन चौकशी आटोपती घेतली. पुण्याचं दफ्तर मात्र पुढं कित्येक वर्षं अभ्यासकांनाही सहज मिळालं नाही. निवडक कागद सरदेसायांनी ४५ भागांत छापले ते १९३० च्या पुढं. आणि छापील पानाला पाठ नसते. मजकूर येतो, कधी मोर्तब सूद येतं, पण खूण कुठं होती, शाई वेगळी होती का, हात दुसरा होता का, हे अस्सल कागद उलटल्याशिवाय कळत नाही. आपण वाचणारे लोकही विषय आणि तारीख बघून पुढं जातो. मीही तेच करत आलो होतो.

तर आमचं पुढं काय झालं. नोंदपत्रक बदललं. आता 'पाठ' हा रकाना पहिल्याच टप्प्यावर दिसतो आणि 'कोरी' असं लिहिल्याशिवाय पुढं जाताच येत नाही. पोरं कुरकुरतात, कारण निम्मे कागद कोरेच निघतात. पत्रात घरगुती भांडण असेल, जातीचा किंवा कर्जाचा उल्लेख असेल, तर विषयाचा रकाना आम्ही अजूनही तपासणी होईपर्यंत झाकून ठेवतो. घरच्यांना तसा शब्द दिलेला आहे.

मग त्या घरी मी परत गेलो. काकूंनी चहा ठेवला आणि रुमाल पुन्हा काढून दिला, तक्रार काही नाही. सगळे कागद उलटून घेतले. एकच राहिला, त्यातली सगळ्यात चांगली इनामसनद. आमचं स्कॅन बघून घरच्यांना तिचं मोल कळलं होतं, म्हणून त्यांनी ती हौसेनं जाड पुठ्ठ्यावर डिंकानं चिकटवून, काचेची चौकट करून दिवाणखान्यात लावली होती. माथ्यावरचा शिक्का लांबूनही दिसतो.