आपल्याच माणसाने थांबवलेले पुस्तक : ‘शेतकऱ्याचा असूड’

प्रकाशकांचे नकार पचवून मोठे झालेले लेखक म्हटले की ‘हॅरी पॉटर’ची गोष्ट हमखास निघते. मराठीतील एक नकार त्याहून कडवट आहे. तो देणारा शत्रू नव्हता, सहकारी होता; आणि त्याचा जन्म ठाण्याचा होता.

जोतीराव फुले यांना नकार नवा नव्हता. १८५५ मध्ये त्यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहून दक्षिणा प्राइज कमिटीकडे पाठवले. मराठी ग्रंथांना बक्षिसे देणारी ही समिती. नाटकात एक जोशी गरीब कुणबी जोडप्याला ग्रहदशेची भीती घालून लुबाडतो. समितीने ते नाकारले. समितीतील भट सभासदांपुढे युरोपियनांचे काही चालले नाही, असे फुल्यांचे म्हणणे होते. हा नकार निदान अपेक्षित म्हणता येईल.

दुसरा तसा नव्हता.

१८७७ मध्ये कृष्णराव भालेकरांनी पुण्यात ‘दीनबंधू’ काढला. सत्यशोधक विचारांचे हे पत्र १८८० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्याकडे आले. ठाण्यात जन्मलेले लोखंडे गिरणीत स्टोअरकीपर होते. फुल्यांच्या लेखनाला इतर वृत्तपत्रांची दारे जवळपास बंदच; त्यामुळे ‘दीनबंधू’ हे त्यांचे हक्काचे घर होते.

१८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ची पाचही प्रकरणे पूर्ण झाली. लोखंड्यांनी पहिली दोन छापली आणि हात आखडता घेतला.

या दोन प्रकरणांत धर्माच्या नावाखाली होणारी लुबाडणूक आहे आणि ऐषआरामात गुंग असलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांवर कोरडे आहेत. मात्र शेतकऱ्याच्या घरातील हलाखीचे अंगावर येणारे वर्णन चौथ्या प्रकरणात येते आणि उपाय पाचव्यात : ताली, बंधारे, तलाव, जनावरांची पैदास, शेतीची प्रदर्शने, शेतकऱ्यांच्या मुलांचे शिक्षण. म्हणजे ‘दीनबंधू’च्या वाचकाला गाऱ्हाणे मिळाले, उपाय मिळालाच नाही!

फुले संतापले. आपल्यातलाच छापखानेवाला भेकड निघाला, अशा आशयाचे बोल त्यांनी पुढे छापूनच टाकले.

पण लोखंड्यांना नुसते भित्रे म्हणणे अन्यायाचे होईल. देशी भाषांतील वृत्तपत्रांवरचा १८७८ चा कायदा १८८२ मध्ये रद्द झाला होता, तरी १८७० पासूनचे राजद्रोहाचे कलम कायम होते. कोल्हापूरच्या दिवाणांविरुद्धच्या मजकुरासाठी टिळक-आगरकर १८८२ मध्येच तुरुंगात जाऊन आले होते. या काळात गोऱ्या हाकिमांवर असूड ओढणारा मजकूर छापायचा, तर पत्राचे अस्तित्वच पणाला लागत होते. शिवाय याच लोखंड्यांनी पुढल्याच वर्षी परळला कामगारांच्या सभा भरवून ५,५०० सह्यांचे निवेदन तयार केले. अशा माणसाला भेकड कसे म्हणायचे? धैर्य कुठे खर्चायचे, यावर दोघांचे मत पडले नाही, इतकेच फार तर म्हणता येईल.

छापखाना नसला तरी फुल्यांजवळ आवाज होता. ग्रंथ जसजसा तयार होत गेला, तसतसा त्यांनी तो मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा गावी लोकांसमोर वाचून दाखवला. ज्यांच्याविषयी लिहिले, त्यातील बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्यापर्यंत छापील पुस्तकापेक्षा हा मार्गच अधिक पोहोचला असेल. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनीही वेळ काढून तो वाचवून घेतला. लोखंड्यांच्या जन्मगावी वाचन झाले, ही गंमत मात्र नोंदवण्याजोगी.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी फुले वारले, तेव्हाही पूर्ण ‘असूड’ छापून झाला नव्हता. १९६९ मध्ये धनंजय कीर व स. गं. मालशे यांनी संपादित केलेल्या ‘महात्मा फुले समग्र वाङ्मय’मध्ये तो पाचही प्रकरणांसह आला. आज शेतीवरील कोणत्याही गंभीर चर्चेत त्याचे नाव येतेच.

‘तृतीय रत्न’ला त्यानंतरही दहा वर्षे थांबावे लागले. ते ‘पुरोगामी सत्यशोधक’ या नियतकालिकात छापले गेले १९७९ मध्ये, म्हणजे समितीच्या नकारानंतर १२४ वर्षांनी.