खर्जाची तार आणि दोन हातांचा तंटा

स्वर खाली उतरवावयाचा असेल तर तार जाड घ्यावी, हा नियम आमच्याकडे कोणासही नवा नाही. पुरुषी तंबोरा आणि जनानी तंबोरा शेजारी ठेवून पाहिले म्हणजे तो डोळ्यांनीच समजतो. एकाचा भोपळा मोठा, दांडी लांब, तारा जाड आणि षड्ज खालचा. दुसऱ्याचे सारेच आटोपशीर आणि षड्ज वरचा. मिरजेच्या कारागिरांस हे पिढ्यानुपिढ्या ठाऊक आहे. परंतु तंबोऱ्याच्या बाबतीत एक सोय असते. त्याची तार मोकळीच छेडावयाची असते, तिच्यावर बोटाने दाब द्यावा लागत नाही. गिटारीचे तसे नाही. तिची तार एका हाताने छेडावयाची, दुसऱ्या हाताने पडद्यावर दाबावयाची, आणि प्रसंगी बाजूस ओढून मींडही काढावयाची. छेडणाऱ्या हातास तार ताठ हवी असते, दाबणाऱ्या हातास ती सैल हवी असते. इलेक्ट्रिक गिटारीवर खालचा स्वर लावताना कोणत्या जाडीची तार घ्यावी, हा प्रश्न वरवर पाहता हिशेबाचा दिसतो. वास्तविक तो या दोन हातांमधील तंट्याचा आहे, आणि गेल्या साठ-सत्तर वर्षांत तो तंटा कसकसा मिटविण्यात आला हे पाहणे बोधप्रद आहे.

आधी हिशेब पाहू. तारेचा ताण दुप्पट केला की स्वर एका सप्तकाने चढतो, अशी समजूत युरोपात शतकानुशतके चालत आली होती. सुप्रसिद्ध गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिलेई हे स्वतः ल्यूट वाजविणारे होते. त्यांनी तारांस वजने टांगून पाहिली आणि एका सप्तकासाठी वजन दुप्पट नव्हे, चौपट लागते, असे १५८९ साली छापून प्रसिद्ध केले. पुढे १६३६ मध्ये मेर्सेन या फ्रेंच धर्मोपदेशकाने लांबी, ताण आणि जाडी या तिहींचे नियम एकत्र मांडले. त्यांतून आमच्या कामापुरता निष्कर्ष असा निघतो की, तारेची लांबी व धातू तेच ठेवले तर तिचा ताण जाडी आणि कंपनसंख्या यांच्या गुणाकाराच्या वर्गाप्रमाणे बदलतो. म्हणजे कंपनसंख्या ज्या प्रमाणात उतरवावी त्याच प्रमाणात जाडी वाढविली, तर ताण होता तेवढाच राहतो. मात्र नुसती जाडी वाढवीत गेले तर तार काठीसारखी ताठर होते. म्हणून सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून खालच्या स्वरांच्या तारांस वरून बारीक तारेचे वेष्टन देण्याची युक्ती रूढ झाली. गाभा बारीक ठेवावयाचा आणि वजन मात्र वाढवावयाचे, हे त्या युक्तीचे मर्म होय.

गिटारीत वीज आली ती १९३१-३२ च्या सुमारास. आणि १९५० नंतर फेंडरच्या व गिब्सनच्या भरीव लाकडी गिटारी प्रचारात आल्या. फेंडरच्या गिटारीवर तारेची वाजती लांबी २५.५ इंच, गिब्सनवर नाममात्र २४.७५ इंच, सामान्य गिटारीची लांबी सांप्रतही बहुधा या दोन मापांच्या आसपासच असते. या नव्या वाद्याने तारेची एका मोठ्या कामातून सुटका केली होती. साध्या गिटारीत तारेला लाकडाची फळी हलवावी लागते. ते बळ तिच्यात यावे म्हणून ती जाड व ताणलेली हवी. विजेच्या गिटारीत पोलादी तारेचे कंपन लोहचुंबकाभोवती गुंडाळलेले वेटोळे टिपते आणि आवाज मोठा करण्याचे काम यंत्र करते. तरीही बाजारात तारा मिळत त्या जुन्या जाडीच्याच, आणि तिसरी तारही वेष्टनाचीच असे. जेम्स बर्टनसारख्या अमेरिकन वादकाने तेव्हा बँजोच्या बारीक तारा आपल्या गिटारीवर चढवून मींडेची सोय करून घेतली. कॅलिफोर्नियातील दुकानदार अर्नी बॉल यांनी नवशिक्यांची बोटे या तारांपुढे हार खातात हे पाहिले आणि १९६० नंतरच्या वर्षांत बारीक तारांचे संच विकावयास काढले. पहिली तार इंचाच्या हजार भागांपैकी १० भाग जाड आणि सहावी ४६ भाग, हा संच आज जगभर सर्वसामान्य मानला जातो. वादक त्यास नुसते ‘दहाचा संच’ म्हणतात. येथवर दाबणाऱ्या हाताची सरशी झाली. परंतु स्वर अद्याप आपल्या जागीच होता.

तो खाली उतरला त्याला एक अपघात कारण झाला. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरी टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामास होता. १९६५ साली, नोकरी सोडून वादनासाठी परदेशी जावयाचे ठरले असता, कामाच्या अगदी शेवटच्या दिवशी, दाबयंत्राखाली त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची अग्रे तुटली. तो डावखुरा असल्यामुळे नेमका हाच त्याचा तारा दाबण्याचा हात होता. त्या निराशेत कारखान्यातील वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची ध्वनिमुद्रिका ऐकविली. राइनहार्ट याचा डावा हात १९२८ मध्ये आगीत होरपळला होता आणि दोन बोटे जवळजवळ निकामी झाली असूनही तो पुढे युरोपातील अग्रगण्य गिटारवादक झाला होता. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे बनविली, त्यांवर चामडे चिकटविले, आणि जाड तार त्या टोपणांखाली दबेना म्हणून बँजोच्या तारांचाच आश्रय केला. एवढ्यानेही भागेना, तेव्हा त्याने स्वरच उतरविला. त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या वाद्यवृंदाचा तिसरा संग्रह ‘मास्टर ऑफ रिॲलिटी’ १९७१ साली निघाला. त्यातील कित्येक गीतांत सर्व तारा तीन अर्धस्वर खाली, म्हणजे ई ऐवजी सी-शार्पवर, लावलेल्या आहेत.

येथे आमच्या वाचकांनी क्षणभर थांबावे. स्वर उतरला की जाड तार, हा जो नियम आज प्रत्येक नवशिक्याला सांगितला जातो, त्याच्या अगदी उलट वाटेने या खर्जाचा जन्म झाला. तार तीच ठेवून स्वर तीन अर्धस्वर उतरविला तर ताण पूर्वीच्या सुमारे ७१ टक्के उरतो. आणि तोच सैलपणा त्या जखमी हाताला हवा होता. ताण कायम राखणे हा येथे हेतूच नव्हता, ताण घालविणे हा होता. त्यातून जो जड, लोंबता, संथ नाद निघाला, तो पुढे एका अख्ख्या संगीतप्रकाराचा पाया ठरला. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातील ‘कायस’ या वृंदाने १९९० नंतर सी स्वरापर्यंत उतरून जी गीते वाजविली, त्यांतही या वळणाची ओळख पटते.

परंतु आता दुसरा हात तक्रार करू लागला. खालचा स्वर तोच, पण चाल अतिशय द्रुत, असे वादन १९८० नंतरच्या दशकात फोफावले. लिव्हरपूलच्या ‘कारकस’ या वृंदाने सहा तारांची गिटार बी स्वरापर्यंत, म्हणजे पाच अर्धस्वर, उतरविली. इतक्या खाली दहाचा संच तसाच ठेवला, तर सहाव्या तारेवरील सुमारे आठ किलोंचा ताण साडेचार किलोंच्या आत येतो. अशी तार जोराने छेडली की तिचा झोका मोठा होतो, ती पडद्यांवर आपटून खरखरते, आणि झोक्यामुळे क्षणभर जास्त ताणली जाऊन तिचा स्वर चढतो व मग खाली घसरतो. संथ चालीत हा दोष कानाला गोडही वाटेल. द्रुत चालीत, आवाज मुद्दाम फाडणाऱ्या यंत्रातून जाताना, त्याचा नुसता चिखल होतो. म्हणून जाड तार परत आली. ती परंपरेच्या अभिमानाने आली असे नव्हे, छेडणाऱ्या हाताच्या गरजेने आली.

किती जाड, हे वर सांगितलेल्या नियमाने कोणासही काढता येईल. सहावी तार ई स्वरावर ४६ भागांची धरली, तर तोच ताण राखण्यासाठी डी स्वरावर सुमारे ५२, सी स्वरावर ५८ आणि बी स्वरावर ६१ ते ६२ भागांची तार हवी. वेष्टनाच्या तारेत धातू आणि पोकळी यांचे मिश्रण असल्याने उत्तर किंचित इकडेतिकडे होईल, पण मार्ग चुकणार नाही. गिब्सनची लांबी कमी असल्यामुळे त्याच तारेचा ताण तेथे सुमारे सहा टक्के कमी भरतो. तो भरून काढावयाचा तर जाडी शेकडा तीन वाढवावी लागते. आता गंमत अशी की, २५.५ इंची सात तारांच्या गिटारीसाठी जे सामान्य संच विकले जातात, त्यांत बी स्वराची तार पुष्कळदा ५६ किंवा ५९ भागांचीच असते. गणित ६१ म्हणते आणि बाजार ५६ देतो. आमच्या मते ही चूक नव्हे, ही तडजोड आहे. छेडणाऱ्या हाताला जेवढे द्यावयाचे त्यातून थोडे काढून ते दाबणाऱ्या हाताला दिलेले आहे.

या तडजोडीला दुसरेही एक कारण आहे. आखूड लांबीवर फार जाड तार ताठर होते, तिचे वरचे उपस्वर मूळ स्वराशी नेमक्या पटीत राहत नाहीत, किंचित चढे होतात, आणि नाद बोथट होतो. शिवाय वाद्यालाही सोसावयाचे असते. वरच्या टोकाची खाच बारीक तारेच्या मापाने कापलेली असते. तीत जाड तार अडकते, म्हणून खाच घासून रुंद करावी लागते. घोडीवरील आधार मागे सरकवून स्वर पडद्यांशी पुन्हा जुळवावा लागतो, आणि तेथे जागा संपली की उपाय खुंटतो. तिसऱ्या तारेची हकीकत तर विशेष आहे. सी स्वरासाठी तिची जाडी १७ वरून २१ च्या पुढे जाते आणि एवढी जाड साधी तार पडद्यांवर सुरात राहावयास कुरकुरते. तेव्हा वेष्टनाची तिसरी तार, जी १९६० नंतर लोकांनी टाकून दिली होती, तीच पुन्हा शोधावी लागते. तारेऐवजी लांबीच वाढविण्याचा मार्गही जुनाच आहे. फेंडरने १९६१ साली एक सप्तक खाली लागणारी सहा तारांची गिटार काढली, तिची लांबी ३० इंच ठेवली होती. परंतु सामान्य लांबीची गिटार ज्याच्या हाती आहे, त्याला हा मार्ग बंद आहे. त्याने तारेशीच समझोता केला पाहिजे.

तो समझोता प्रत्येक हाताचा निराळा. टेक्सासचा स्टीव्ही रे वॉन फक्त अर्धा स्वर उतरवून वाजवीत असे आणि पहिली तार १३ भागांची घेत असे. अर्धस्वराने ताण शेकडा अकराच कमी होतो. त्याच्या जाड तारेने तो दहाच्या संचाच्या दीडपट चढविला होता. म्हणजे स्वर उतरविण्याने मिळणारी सवलत त्याने घेतली ती अधिक जाड तार पेलण्यासाठी. आयोमीने हीच सवलत बोटांच्या सुटकेसाठी घेतली. दोघांच्याही वादनाला आज मान आहे, आणि दोघांपैकी एकाचाही संच दुसऱ्याला मानवला नसता.

म्हणून घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी गिटारीचा स्वर उतरवू पाहत असेल, तर दुकानात जाऊन सर्वांत जाड संच मागण्यापूर्वी दोन प्रश्न त्यांस जरूर विचारावेत: चाल द्रुत की संथ, आणि बोटांना किती सोसते? द्रुत असेल तर गणिताच्या जवळ राहावे. संथ असेल, मींड अधिक असेल, तर गणितापेक्षा एक-दोन पायऱ्या बारीक तार घेण्यास मुळीच हरकत नाही. बोटे दुखू लागली तर ती निर्बळ आहेत असे समजून लाजण्याचे कारण नाही. ज्या खर्जासाठी हा सारा खटाटोप चालतो, तो खर्ज मुळात एका दुखऱ्या हाताने स्वतःस सांभाळून घेताना सापडलेला आहे.