कोडेकाराचा न्याय

वाचनालयाच्या वाचनकक्षात एक दृश्य आपण सर्वांनीच पाहिले असेल. सकाळची गर्दी ओसरली, की कोणी तरी ज्येष्ठ सभासद इंग्रजी दैनिक पुढे ओढतात आणि खिशातली पेन्सिल काढतात. वाचनालयाच्या अंकावर काहीही लिहू नये हा नियम भिंतीवर टांगलेला असतो. तो सर्वांत जास्त मोडला जातो तो शब्दकोड्याच्या चौकटीत! मराठी दैनिकातले कोडे चहा होईपर्यंत पुरे करणारा वाचकही या इंग्रजी कोड्यापुढे थबकतो. मराठी कोड्यात बहुधा समानार्थी शब्द विचारलेला असतो. ‘क्रिप्टिक’ म्हणजे गूढ शब्दकोड्यात मात्र लिहिलेले असते एक आणि विचारलेले असते दुसरेच.

एक जुनी क्लृप्ती पाहू. इंग्रजीत ‘फ्लॉवर’ म्हणजे फूल. परंतु ‘फ्लो’ म्हणजे वाहणे. तेव्हा जी वाहते तिलाही त्याच अक्षरांत ‘फ्लो-अर’ म्हणता येईल. कोडेकार बागेचा देखावा उभा करतो आणि विचारतो नदीचे नाव. आपण फुलांची नावे आठवीत बसतो. ही फसवणूकच, पण उत्तर कळल्यावर राग येत नाही, हसू येते. असे का व्हावे, हा प्रश्न मला या कोड्यांच्या इतिहासातला सर्वांत मोलाचा प्रश्न वाटतो.

शब्दकोड्याचा जन्म अमेरिकेतला. २१ डिसेंबर १९१३ रोजी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणीत आर्थर विन यांनी हिऱ्याच्या आकाराचे पहिले कोडे छापले. विन हे मूळचे लिव्हरपूलचे. त्यांच्या कोड्यात अर्थ सरळ विचारलेले होते. १९२४ च्या सुमारास हे वेड इंग्लंडात पोहोचले आणि तेथे त्याला गूढतेचे वळण लागले. १९२६ पासून ‘ऑब्झर्व्हर’ साप्ताहिकात एडवर्ड पॉइस मॅदर्स कोडी रचू लागले. त्यांनी टोपणनाव घेतले ‘टॉर्केमाडा’. हा स्पेनमधील धर्मन्यायपीठाचा कुप्रसिद्ध प्रमुख. वाचकाचा छळ करावयाचा, तर नाव तसेच हवे! हे मॅदर्स मूळचे कवी आणि अनुवादक. बिल्हणाच्या ‘चौरपंचाशिके’चे स्वैर इंग्रजी रूपांतर त्यांनी १९१९ मध्येच केले होते. संस्कृत काव्याच्या वाटेवर पाऊल टाकलेल्या माणसाने पुढे गूढ कोड्याचा पाया घालावा, हा योगायोग आपल्यासारख्यांना सुखावणारा आहे.

मॅदर्स यांची प्रतिभा विलक्षण. नियम मात्र सैल. १९३९ मध्ये त्यांचे निधन झाल्यावर त्यांची जागा डेरिक मॅकनट यांनी घेतली. हे प्राचीन भाषांचे शिक्षक. त्यांनीही धर्मन्यायपीठाच्याच एका प्रमुखाचे नाव घेतले, ‘झिमेनीज’. पण छळाला त्यांनी कायदा घालून दिला. १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी तो विस्ताराने मांडला. त्याचे सार असे : प्रत्येक संकेतवाक्यात उत्तराची नेमकी व्याख्या हवी, उत्तराकडे नेणारी शब्दांची फोड हवी, आणि या दोहोंवाचून अधिक काही नको. वाचकाला चकविण्यास मुभा आहे. खोटे सांगण्यास नाही. आपल्या सदरातील स्पर्धेत वाचकांनी रचलेली उत्तम संकेतवाक्ये आणि त्यांवरील टिपणे छापून ते स्पर्धकांना पाठवीत. एखादे वाक्य का साधले आणि दुसरे का फसले, याची ती मीमांसाच असे.

मराठीच्या अध्यापकाला येथे दंडीची आठवण होणे अपरिहार्य आहे. सातव्या-आठव्या शतकातील या आचार्याने ‘काव्यादर्शा’च्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले. त्यांतील ‘समागता’ पदांच्या संधीत अर्थ लपविते. ‘वंचिता’ एका अर्थाने रूढ असलेला शब्द दुसऱ्याच अर्थाने योजून चकविते. फुलाआड नदी दडविणारा इंग्रज कोडेकार नकळत याच वाटेने गेला. विशेष म्हणजे पूर्वाचार्यांनी आणखी चौदा ‘दुष्ट’ प्रहेलिका सांगितल्याची नोंद करून दंडी त्या बाजूला सारतो. दोष अगणित असतात, म्हणून आपण ‘साध्वी’ प्रहेलिकाच सांगू, अशी त्याची भूमिका. म्हणजे कोड्यातही सज्जन आणि दुर्जन असा भेद त्याने केला. झिमेनीज यांनी दंडी वाचला होता असे सुचविण्याचा मुळीच हेतू नाही. दोघे एकाच ठिकाणी पोहोचले, एवढेच महत्त्वाचे.

हा भेद केवळ पंडितांच्या चर्चेचा राहिला नाही. आपल्या देशात तो न्यायालयाच्या दारातही गेला. स्वातंत्र्यानंतरच्या दशकात बक्षिसांच्या शब्दकोड्यांचे पेव फुटले होते. बेंगळुरूला छापल्या जाणाऱ्या एका साप्ताहिकातील अशा स्पर्धा तत्कालीन मुंबई राज्यात लोकप्रिय होत्या. १९५६ पर्यंत आपला बेळगाव जिल्हाही त्याच राज्यात होता. या स्पर्धांत एका जागी दोन शब्द सारखेच शोभत. त्यांतला ‘बरोबर’ कोणता, हे चालकांनी आधीच ठरवून बंद ठेवलेले असे. ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा जुगार असल्याचा निर्णय दिला. त्याच दिवशीच्या दुसऱ्या निकालात न्यायालयाने स्पष्ट केले, की १९५५ चा बक्षीस-स्पर्धा कायदा ज्यांतले यश मुख्यतः कौशल्यावर अवलंबून असते अशा स्पर्धांना लागू नाही. कोडेकाराच्या भाषेत सांगावयाचे, तर ज्या उत्तराचे स्पष्टीकरण देता येत नाही ते कोडे नव्हे, सोडत होय.

गूढ कोडे मराठीत फारसे रुजले नाही. अक्षरांची उलथापालथ हा इंग्रजी कोड्याचा आवडता डाव. आपल्या चौकटीत मात्र सुटा वर्ण बसत नाही, स्वरचिन्हासह अख्खे अक्षर बसते. त्यामुळे तो डाव आपल्याकडे अडतो. तरीही सभंग आणि अभंग श्लेषाची परंपरा असलेल्या भाषेला हा खेळ परका नसावा. ‘नदी उलटी वाहिली तर गरीब (२)’ या संकेताचे उत्तर ‘दीन’. ‘गरीब’ ही व्याख्या, आणि ‘नदी’ उलटी वाचणे ही फोड. झिमेनीज यांच्या कायद्यात ते बसते.

शताब्दीच्या निमित्ताने एक कोडे मीही रचून पाहिले. ‘“जरा डोळ्यांखालून घाल की!” अशी विनवणी, अखेर विनाश : हे पुस्तकांचे घर (५)’. उत्तर अर्थात ‘वाचनालय’. व्याकरणाने त्याची फोड ‘वाचन’ अधिक ‘आलय’ अशी होते. कोडेकार ती दुसरीकडे करतो : ‘वाच ना’ ही विनवणी आणि ‘लय’ म्हणजे विनाश. हा निव्वळ सभंग श्लेष आहे, भाकीत नव्हे. पण फोड करून झाल्यावर मी क्षणभर थांबलो. गेली शंभर वर्षे आपल्या पूर्वसुरींनी या गावात ‘वाच ना’ अशी विनवणी केली. ती ऐकणारे होते म्हणून शब्दाचा उत्तरार्ध खरा झाला नाही.

कोडे सोडविणे म्हणजे एकेका शब्दाकडे दोनदा पाहणे. सुटलेले कोडे शेजारच्याला समजावून देणे ही त्याहून मोठी गोष्ट. तेथे एकट्याचे वाचन दोघांचे होते. वाचनकक्षात ते पेन्सिलवाले सभासद अधूनमधून मान वर करून शेजारच्या तरुणाला हळूच काही सांगतात. शांतता राखण्याचा नियम त्या वेळी किंचित मोडतो. ग्रंथपालांनी तिकडे दुर्लक्ष करावे, अशी या सभासदाची नम्र विनंती आहे.